फिरत्या घराची गळती व दारांतील पायऱ्या

शेतावर पाहुण्यांची सोय करून चार पैसे जास्त मिळवावे, हा विचार पुष्कळ बागाइतदारांच्या मनांत अलीकडे रुजला आहे. महाराष्ट्र शासनानें २०२० सालीं कृषि-पर्यटनाचें व २०२१ सालीं कॅरव्हॅन-पर्यटनाचें धोरण जाहीर केल्यापासून या विचारास सरकारी कागदाचाहि आधार मिळाला. पक्की खोली बांधावयाची म्हणजे विटा, सिमेंट, गवंडी व परवानग्या यांचें लचांड मागें लागतें. त्यापेक्षां जुनी प्रवासी मोटार विकत घ्यावी, आंतील आसनें काढून पलंग, ओटा, पाण्याची टांकी व दिवे बसवून घ्यावे, आणि ती आमराईंत किंवा ओढ्याकांठच्या पडींत उभी करावी, हें अनेकांस सोपें वाटतें. अशा गाडीस कोणी कॅरव्हॅन म्हणतात, कोणी कॅम्पर म्हणतात. आम्ही या लेखांत तीस फिरतें घर म्हणूं. ही कल्पना कांहीं नवी नव्हे. डॉ. गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या गृहस्थांनीं १८८५ सालीं इंग्लंडांत, केवळ प्रवासाच्या हौसेखातर, घोड्यांनीं ओढावयाचें एक लांकडी घर बांधवून घेतलें होतें.

परंतु इंग्लंडांतील रिमझिम निराळी आणि आपल्या घाटमाथ्यावरील आषाढ निराळा. वैशाखांत जी गाडी नव्या नवरीसारखी सजलेली दिसते, तीच मृगाच्या पहिल्या दोन सरींत कुबट वास मारूं लागते. अशा गाड्यांच्या मालकांशीं बोलण्याचा प्रसंग आम्हांस वरचेवर येतो, आणि त्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. पहिली, गाडी कोठें तरी गळते, पण कोठें तें सांपडत नाहीं. दुसरी, दारांतील पायऱ्यांवर डकविलेला गालिचा कायमचा ओला राहतो, त्याखालील फळी मऊ पडते, आणि तो वरचेवर बदलावा लागतो. मालक पहिलीसाठीं एका कारागिराकडे जातात व दुसरीसाठीं दुसऱ्याकडे. आमचें मत असें कीं, बहुधा हें एकच प्रकरण असतें. पायरी ही केवळ ताबेदार; मूळ धनी छपरावर बसलेला असतो. सात-बाराच्या उताऱ्यावर आज नांव कोणाचें दिसतें एवढेंच पाहून जो जमिनीचा व्यवहार करितो तो फसतो, आणि जो मागचे फेरफार एकामागून एक उलटून मूळ नोंदीपर्यंत जातो तो वांचतो. येथेंहि तसेंच आहे. पाणी जेथें दिसतें तेथेंच तें शिरलें असेल असा भरंवसा धरूं नये.

असें कां होतें तें नीट समजून घेतलें पाहिजे. मोटारीस बाहेरून लोखंडी पत्रा असतो, आंतून प्लायवूडचें किंवा प्लॅस्टिकचें अस्तर असतें, आणि या दोहोंमध्यें लोखंडी बरगड्या व उष्णता अडविणारा कापूस किंवा फोम भरलेला असतो. छपरावरील एखाद्या स्क्रूच्या भोंकांतून शिरलेलें पाणी खालीं टपकत नाहीं. तें पत्र्याच्या आंतील अंगास चिकटून वाहतें, बरगडी भेटली कीं तिच्या कडेनें उतरतें, आणि उताराच्या दिशेनें दाराच्या खांबापर्यंत जातें. गाडीच्या तळांत सर्वांत खोल जागा म्हणजे दारांतील पायऱ्यांचा खळगा. सर्व शिवाराचें पाणी जसें शेवटीं खालच्या बांधाशीं येऊन तुंबतें, तसें सर्व गाडीचें पाणी या खळग्यांत येऊन बसतें.

आतां त्या खळग्यांत गालिचा असला म्हणजे काय होतें? काळ्या जमिनींत खालची ओल केशाकर्षणानें वर चढते हें आपल्यापैकीं प्रत्येकास ठाऊक आहे. गालिचाचे धागे तेंच काम करितात. एका कोपऱ्यांत पेलाभर पाणी पडलें तरी तो तें आडवें ओढतो, वरच्या पायरीवरहि चढवितो, आणि दुसऱ्या दिवशीं सर्व पायरी सारखीच ओली लागते. म्हणजे गळतीचा माग पुसण्याचें काम गालिचा इमानें इतबारें करितो. शिवाय त्याच्या पाठीस रबराचा किंवा तत्सम लेप असतो. त्यामुळें वरून वारा लागून तो सुकला असें वाटलें तरी खालील फळीची ओल कोंडलेली राहते. लांकडांतील ओलावा शेंकडा वीसच्या खालीं असला तर कुजविणारी बुरशी सहसा वाढत नाहीं. त्यावर जाऊन टिकला म्हणजे ती आपलें काम सुरू करिते. प्लायवूडच्या कापलेल्या कडा पाणी सर्वांत जास्त पितात, आणि पायरीच्या फळीस तर चहूंबाजूंनीं कापलेल्या कडाच असतात.

घाटमाथ्यावरील आमच्या एका स्नेह्यांनीं दोन वर्षांत तीन वेळां पायरीचा गालिचा बदलला होता. प्रत्येक वेळीं दाराचें रबर हेंच कारण ठरविलें गेलें, व रबरहि नवें घालण्यांत आलें. आम्ही पाहावयास गेलों तेव्हां पायरी सोडून शिडीनें छपरावर चढलों. त्यांच्या मातोश्री अंगणांत उभ्या होत्या; त्या म्हणाल्या, “अहो भाऊसाहेब, भिजतात पाय, आणि तुम्ही डोकें कसलें तपासतां?” छपराच्या मध्यभागीं हवेसाठीं एक झरोका बसविलेला होता. त्याच्या चौकटीभोंवतीचा लेप उन्हानें तडकून त्यास केसाएवढी भेग गेली होती. आम्हीं आंतील अस्तराची एक फळी काढविली आणि बरगडीवर खडूची कोरडी पूड भुरभुरविली. मग झरोक्याभोंवतीं तांब्यातांब्यानें पाणी सोडलें. चौथ्या तांब्यास पुडींत एक बारीक ओली वाट उमटली व ती सरळ दाराच्या खांबाकडे गेली. झरोका ते पायरी हें अंतर नऊ फूट होतें.

तेव्हां दुरुस्तीपूर्वीं पंचनामा करावा. प्रथम पायऱ्यांवरील व तळावरील सर्व गालिचे उचलून उन्हांत टाकावे, गाडी दारें-खिडक्या उघडून दोन-तीन दिवस सुकूं द्यावी, आणि जेथें ओलीचे डाग आहेत त्यांच्या कडा खडूनें आंखून ठेवाव्या. नंतर पाणी आकाशाचें, टांकीचें कीं श्वासाचें, हें ठरवावें. कोरड्या दिवसांतहि डाग वाढत असेल तर आकाशावर आळ घेण्याचें कारण नाहीं. अशा वेळीं सर्व नळ बंद करून पाण्याचा पंप चालू ठेवावा. या गाड्यांतील लहान पंप दाब पुरा झाला कीं आपोआप थांबतात. नळ बंद असतांहि पंप मधून मधून घरघर करूं लागला तर दाब कोठें तरी सुटतो आहे असें समजावें. मग प्रत्येक सांध्याखालीं वर्तमानपत्राचा कोरडा कागद ठेवून पाहावें. कोणताच कागद भिजला नाहीं तर पंपांतील उलटझडप सैल झाली असण्याचा संभव आहे. सांडपाण्याच्या नळीस दाब नसतो, म्हणून तिची परीक्षा मोरींत बादलीभर पाणी एकदम सोडून करावी.

श्वासाचें पाणी ऐकून कोणी हंसतील. परंतु बंद गाडींत दोन माणसें रात्रभर निजलीं म्हणजे त्यांच्या श्वासाबरोबर पेलाभर तरी पाणी हवेंत जातें, आणि पौषांतील थंडींत तें पत्र्यावर व कांचेवर दंव होऊन बसतें. सकाळीं कांचेवरून ओघळणारें पाणी पाहून खिडकी गळते असें ठरविणारे आम्हीं पाहिले आहेत. या ओलीस उपाय लेपाचा नव्हे, वाऱ्याचा आहे. समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवाव्या.

आकाशाच्या पाण्याचा शोध घ्यावयाचा तो खालून वर घ्यावा. आधींच छपरावर पाणी मारलें तर तें सर्व अंगावरून ओघळतें आणि कोणत्या सांध्यानें दगा दिला तें कळत नाहीं. एक माणूस विजेरी घेऊन आंत बसवावा. दुसऱ्यानें साध्या बागेच्या नळीनें प्रथम चाकांच्या वरील भाग, मग दाराचा खालचा कांठ, मग खिडक्या, मग पन्हाळ व सर्वांत शेवटीं छप्पर, असें प्रत्येक ठिकाणीं दहा मिनिटें पाणी सोडावें. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याचा उपयोग मुळींच करूं नये; त्यानें धडधाकट रबराखालूनहि पाणी आंत जातें व निरपराध्यास शिक्षा होते. पाणी कोठेंच सांपडलें नाहीं तर आणखी एक युक्ति आहे. सर्व खिडक्या बंद करून एका खिडकींतून पंख्याच्या भात्यानें हवा आंत भरावी, बाकीची फट कापडानें बुजवावी, आणि औषध फवारण्याच्या स्वच्छ धुतलेल्या पंपानें बाहेरून सांध्यांवर साबणाचें पाणी मारावें. जेथें बुडबुडे येतील तेथें वाट आहे.

दुरुस्तीचा विचार करतांना खिडक्यांविषयीं आधीं सांगतों, कारण तेथें पुष्कळदां एक पैहि खर्च करावी लागत नाहीं. सरकत्या कांचेच्या खिडकीस खालीं पन्हळीसारखी वाट असते, आणि तींत साचलेलें पाणी बाहेर जावें म्हणून बाहेरच्या कडेस बारीक भोंकें ठेवलेलीं असतात. कोंकणांत तांबडी माती व देशावर धूळ बसून हीं भोंकें बुजतात. मग पन्हळ भरते आणि पाणी आंतल्या बाजूनें उलटतें. केरसुणीच्या हिरानें भोंकें मोकळीं करावीं व पन्हळ धुवावी. निम्म्या खिडक्या येवढ्यानेंच गप्प बसतात. रबर मऊ राहावें म्हणून त्यास रॉकेल किंवा यंत्राचें तेल चोळण्याची आपल्याकडे जी चाल आहे ती वाईट आहे. अशा तेलांनीं पुष्कळ जातींचें रबर फुगतें व पुढें फाटतें. साबणाच्या पाण्यानें पुसून सिलिकोनचें वंगण बोटानें लावावें.

दाराच्या रबराची परीक्षा कागदाच्या पट्टीनें करावी. पट्टी मध्यें धरून दार लावावें व ती ओढावी. ती अडखळत निघाली तर रबर नीट दाबलें जातें. सुळकन निघाली तर तेथें दाब नाहीं. अशा वेळीं नवें रबर आणण्यापूर्वीं दाराची कडी ज्या खुंटीवर बसते ती खुंटी किंचित् आंत सरकवून पाहावी. नवें रबर घालावेंच लागलें तर त्याचा सांधा खालच्या कांठावर आणावा, डोक्यावर ठेवूं नये.

छपराच्या कामांत मात्र घाई उपयोगी नाहीं. बहुतेक मालकांची रीत अशी कीं, जुन्या तडकलेल्या लेपावर नवा लेप थापावयाचा. हा थर एक पावसाळाहि टिकत नाहीं. विशेषतः जुना लेप सिलिकोनचा असेल तर त्यावर दुसरें कांहींच धरत नाहीं. झरोक्याची चौकट स्क्रू काढून संपूर्ण उचलावी, जुना लेप लांकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनें खरवडून काढावा व जागा स्पिरिटनें पुसावी. गंज असेल तर चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासून त्यावर गंजरोधक अस्तराचा व वरून रंगाचा हात द्यावा, आणि तो पुरा वाळूं द्यावा. मग चौकटीखालीं ब्युटाइल रबराची चिकट पट्टी सलग फिरवावी. ही पट्टी वर्षानुवर्षें मऊ राहते, म्हणून पत्रा उन्हानें पसरला किंवा गाडी खड्ड्यांतून हादरली तरी ती तुटत नाहीं. स्क्रू एका कोपऱ्याचा थोडा, मग समोरच्या कोपऱ्याचा थोडा, अशा क्रमानें आंवळावे. एकदम पिळूं नयेत. दाबानें पट्टी दुसऱ्या दिवसापर्यंत आणखी बसते, तेव्हां पुन्हां एकदां हलका फेर द्यावा. शेवटीं स्क्रूंच्या डोक्यांवर व कडेवर उन्हांत टिकणारा लवचीक लेप द्यावा.

लेप कोणता घ्यावा याविषयीं दुकानदार नाना प्रकारचें सांगतात. आमची सूचना एवढीच कीं, ज्यास शिरक्यासारखा आंबट वास येतो तें सिलिकोन उघड्या लोखंडास किंवा तांब्याच्या तारेजवळ लावूं नये. तें सुकतांना जें आम्ल सुटतें त्यानें धातु गंजतो. दोन गोळे मळून लावावयाची जी कडक लांबी मिळते ती टांकीच्या तोटीस ठीक, पण हालत्या पत्र्यावर ती तडकते. आणि डांबर! तें वैशाखांत पाघळतें, पाहुण्यांच्या कपड्यांस लागतें, आणि पुढें कोणाही शहाण्या कारागिरास तेथें दुसरा लेप बसवितां येत नाहीं. सौर पट्ट्यांचे बोल्ट व दिव्याच्या तारा जेथून आंत जातात तीं भोंकें यांसहि हाच न्याय लावावा. छपरावर चढतांना दोन बरगड्यांवर आडवी फळी टाकून तीवर गुडघे टेकावे. नुसत्या पत्र्यावर पाय दिल्यास तेथें खोलगट डबकें होतें, आणि गळतीस नवें घर मिळतें. काम सकाळच्या प्रहरीं करावें. दुपारच्या तापल्या पत्र्यावर लेपाची साय लौकर धरते व तो खालीं नीट चिकटत नाहीं.

येथें एक गोष्ट अत्यंत सावधपणें सांगणें आहे. गळती शोधणारा मनुष्य एकदां लेपाची नळी हातांत आली कीं दिसेल तें भोंक बुजवीत सुटतो. ज्या गाडींत स्वयंपाकाचा गॅस आहे तिच्या तळांत, सिलिंडरच्या कप्प्यांत किंवा पायरीच्या खळग्याजवळ, मुद्दाम ठेवलेलीं भोंकें असतात. हा गॅस हवेहून जड आहे. तो निसटला तर पाण्याप्रमाणें खालीं उतरतो व या भोंकांनीं बाहेर जातो. तीं बुजविलीं तर पाण्याऐवजीं गॅस पायरीशीं तुंबेल, आणि पहांटे चहासाठीं पेटविलेली काडी शेवटची ठरेल. तसेच वरचे हवेचे झरोकेहि बंद करूं नयेत. बंद जागेंत चूल जळत राहिली तर विषारी वायु सांचतो व निजलेल्या माणसास त्याचा वासहि येत नाहीं. तळांतील भोंकांस उंदीर व कीटक येऊं नयेत म्हणून जाळी बसवावी, पण भोंक हें भोंकच राहूं द्यावें.

दुसरी सावधगिरी विजेची. पुष्कळ ठिकाणीं फिरत्या घरास वीज मोटारपंपाच्या खोलींतून नुसत्या दोन तारांनीं ओढलेली असते. गाडीस रबरी चाकें असल्यामुळें तिचा लोखंडी सांगाडा जमिनीपासून तुटलेला राहतो. ओलीनें एखादी तार पत्र्यास भिडली तर सर्व गाडी वीजभारित होते, आणि आंत बसलेल्यांस तें कळतहि नाहीं. ज्याचा एक पाय ओल्या चिखलांत व दुसरा धातूच्या पायरीवर आहे त्यास मात्र तें कळतें, आणि तो बहुधा अनवाणी आलेला पाहुण्यांचा मुलगा असतो. म्हणून ज्या गाडीस एकदां गळती लागली तिच्या तारा जाणत्या वायरमनकडून तपासल्याशिवाय तींत कोणास निजवूं नये. तीन तारांची केबल, गाडीच्या सांगाड्यास जोडलेली पक्की भूतार, आणि ३० मिलिअँपिअरवर तुटणारा आर. सी. सी. बी. नांवाचा रक्षक खटका, या तीन वस्तूंवर काटकसर करूं नये. गालिचाच्या पैशांत खटका येतो. पायरीच्या कामास हात घालण्यापूर्वीं बाहेरची वीज तोडावी, व पायरींतील दिव्याची तार तुटून बॅटरीचा चाप होऊं नये म्हणून बॅटरीचें ऋण टोक आधीं सोडावें.

आतां पायरी. गालिचा ओढून काढतांना तो ऐनवेळीं फाटतो; केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा देत सावकाश ओढल्यास रबरी डिंक सुटतो. डिंक धुण्यासाठीं गाडीच्या आंत पेट्रोल वापरणारे लोक आहेत. तसें कदापि करूं नये. उघड्या झालेल्या फळीस टोच्यानें जागोजाग टोचून पाहावें. टोचा लोण्यांत गेल्यासारखा गेला तर फळी मेली. अर्धी चांगली व अर्धी कुजकी फळी जोडून चालवूं नये. कुजक्या भागाची बुरशी शेजारीं जाते. सर्वच काढावी, पण फेकण्यापूर्वीं पुठ्ठ्यावर तिचा नमुना कापून घ्यावा.

फळी निघाल्यावर खालचा लोखंडी खळगा दिसतो. तो घासून, गंजरोधक अस्तर व रंग देऊन, आठवडाभर उघडा सुकूं द्यावा. सुकला कीं नाहीं हें पाहण्यास जवळच्या लांकडावर वीतभर पॉलिथीन चहूंकडून चिकटपट्टीनें डकवून ठेवावें. सकाळीं त्याच्या आंतून थेंब दिसले तर अद्याप धीर धरावा. खळग्याच्या सर्वांत खोल कोपऱ्यास पाणी निघण्याची वाट नसेल तर तेथें एक लहान भोंक पाडावें. मात्र खालून निजून आधीं पाहावें, कारण तेथेंच इंधनाची नळी किंवा तार गेलेली असण्याचा संभव असतो, आणि सांगाड्याच्या मुख्य पट्टीस तर भोंक पाडूंच नये. भोंकाची उघडी कड रंगवावी.

नव्या फळीसाठीं सागरी प्लायवूड घ्यावें. त्यावर भारतीय मानकाचा ७१० हा क्रमांक छापलेला असतो. ३०३ क्रमांकाचें नेहमींचें प्लायवूड घरांतील कपाटास ठीक आहे, पायरीस नाहीं. जाडी १८ किंवा १९ मिलिमीटर पुरे. कितीहि उत्तम प्लायवूड असलें तरी कापल्यानंतर सहाही अंगांस, आणि स्क्रूच्या भोंकांच्या आंतूनहि, इपॉक्सीचे किंवा चांगल्या तेलरंगाचे दोन हात दिल्याविना तें बसवूं नये. सुतार वरचें अंग रंगवून देतात व खालचें तसेंच सोडतात. पाणी तर खालूनच येणार. स्क्रू न गंजणाऱ्या पोलादाचे घ्यावे, कारण साधा स्क्रू गंजला म्हणजे त्याच्याच कडेनें पाणी लांकडांत उतरतें.

वर काय लावावें याविषयीं मतभेद आहे. उठावाच्या नक्षीचा ॲल्युमिनियमचा पत्रा दिसावयास उत्तम व टिकाऊ खरा. ट्रक-बसच्या पायऱ्यांवर तो आपण पाहतों. पण दुपारीं तो तव्यासारखा तापतो व अनवाणी पायास चटका देतो. शिवाय ॲल्युमिनियम व लोखंड ओलाव्यांत एकमेकांस टेकून राहिलीं म्हणजे ॲल्युमिनियम खाल्लें जातें, म्हणून मध्यें रबर किंवा रंगाचा जाड थर घालावा लागतो. आम्हांस बसच्या तळास लावतात ती न घसरणारी व्हिनाईलची चटई अधिक पसंत आहे. ती पाणी पीत नाहीं, ओल्या फडक्यानें पुसली जाते, आणि कांठ घट्ट चिकटविले तर खालीं ओल जात नाहीं. पायरीच्या पुढच्या धारेस मात्र ॲल्युमिनियमची काटकोनी पट्टी हवीच, नाहीं तर चटईची धार प्रथम उकलते. त्या पट्टीवर पिवळा रंग द्यावा. रात्रीं लघुशंकेस उठलेल्या म्हाताऱ्या माणसास धार दिसली पाहिजे. आणि सर्व पायऱ्यांची उंची सारखी ठेवावी. चटई व फळी मिळून एका पायरीची उंची दुसरीपेक्षां बोटभर वाढली तरी पाय अडखळतो, कारण चढणारा डोळ्यांनीं नव्हे, संवयीनें चढत असतो.

गालिचाच हवा असा ज्यांचा हट्ट असेल त्यांनीं तो चिकटवूं नये. काथ्याची पायपुसणी पायरीच्या बाहेर, दगडाच्या किंवा विटांच्या ओट्यावर टाकावी व सायंकाळीं झटकावी. चिखलाचे जोडे ठेवण्यासाठीं दाराशीं एक लांकडी मांडणी केली तर निम्मा चिखल गाडींत येतच नाहीं.

दुरुस्ती केली म्हणून प्रादेशिक परिवहन कार्यालयांत जाण्याचें कारण नाहीं. परंतु त्या निमित्तानें छपरांत नवा झरोका कापणें, दार रुंद करणें किंवा बाहेर लटकणारी कायमची पायरी बसविणें असा बेत असेल तर मोटार वाहन अधिनियम १९८८ मधील कलम ५२ पाहून घ्यावें. नोंदणीच्या दाखल्यांत लिहिलेल्या वर्णनाशीं गाडी विसंगत होईल असा फेरबदल मालकास आपल्या मर्जीनें करतां येत नाहीं.

ही सर्व कामें वैशाखांत, रोहिणी लागण्यापूर्वीं उरकावीं. दोन माणसांस काम चारच दिवसांचें आहे. उरलेला वेळ सुकण्यास जातो. गाडी उभी करतांना ती दाराच्या विरुद्ध बाजूस किंचित् कललेली ठेवावी व पन्हाळांतील पाला दर पंधरवड्यास काढावा. आंब्याखालीं सावली छान, पण पन्हाळ आठ दिवसांत पाल्यानें भरतो. नारळाखालीं गाडी लावणाऱ्यास आम्ही कांहींच सांगत नाहीं. त्यास नारळच सांगेल. कोणत्या सांध्यास कोणत्या तारखेस कोणता लेप लावला याची नोंद एका लहान वहींत करून ती वही गाडीच्याच खणांत ठेवावी, म्हणजे पुढील वर्षीं दुसरा कारागीर आला तरी त्यास खालीं सिलिकोन आहे कीं ब्युटाइल हें विचारावें लागणार नाहीं.

काढलेल्या गालिचाचें काय करावें असें कोणी विचारतील. तो बहुधा कृत्रिम धाग्यांचा असतो, म्हणून कंपोस्टच्या खड्ड्यांत कुजत नाहीं, व जाळल्यास विषारी धूर होतो. गोठ्यांत जनावरांखालींहि घालूं नये. तेथेंहि तो ओल धरून खुरांस त्रास देईल. कडक उन्हांत वाळवून त्याचे तुकडे करावे, आणि ट्रॉलींत अवजारें आदळूं नयेत म्हणून त्यांखालीं घालावे.